मैलापाण्याचे कारखाने चालवायचे कोणी, आणि कोणाच्या पैशाने?

सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प बांधायला आपल्या देशात पैसा मिळतो. तो चालवायला मिळत नाही. गेल्या चाळीस वर्षांचा हा अनुभव आहे. १९८५ मध्ये गंगा कृती योजना जाहीर झाली. नदीकाठच्या शहरांत केंद्राच्या पैशाने प्रकल्प उभे राहिले आणि ते चालवण्याचा भार राज्यांवर व नगरपालिकांवर पडला. वीज नसली की पंप बंद, बिल थकले की पंप बंद, दुरुस्तीला पैसा नसला की पंप बंद. मैलापाणी पूर्वीसारखेच नदीत जात राहिले. पुढे योजनांची नावे बदलली, पण हा आजार गेला नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मार्च २०२१ मध्ये देशभरातील प्रकल्पांची यादी प्रसिद्ध केली. शहरांतून रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निघते. ते शुद्ध करण्याची उभारलेली क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटरची आहे. प्रत्यक्षात शुद्ध होते ते २०,२३५ दशलक्ष लिटर, म्हणजे शंभरातले अठ्ठावीस. एकूण १,६३१ प्रकल्पांपैकी चालू अवस्थेत सापडले १,०९३. यातला एक आकडा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जेवढी क्षमता बांधून तयार आहे, तिचाही तिसरा हिस्सा वापरात नाही. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या टाक्या रिकाम्या किंवा अर्ध्या भरलेल्या आहेत. तेव्हा प्रश्न केवळ नवे प्रकल्प बांधण्याचा नाही; बांधलेले चालवण्याचा आहे.

रेल्वे आणि डाक कामगारांच्या मुखपत्रात हा विषय कशाला, असे काही बंधू विचारतील. आमची उत्तरे तीन. ज्या शहरात आपण राहतो, त्याच्या नदीचा हा प्रश्न आहे. ज्या कामगारांच्या जिवावर हे प्रकल्प चालतात, ते कामगार आपले आहेत आणि आपल्यावर जे कंत्राटीकरण आले, ते त्यांच्यावर आपल्याआधी आले. तिसरे उत्तर थोडे अडचणीचे आहे: या शहरातला फार मोठा जमीनमालक आपले मालक, म्हणजे केंद्र सरकार आहे, आणि मैलापाण्याच्या खर्चात त्याचा वाटा किती, हे विचारण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

जबलपूरचे चित्र

जबलपूर म्हणजे नर्मदेचे शहर. ग्वारीघाट, तिलवाराघाट, लम्हेटाघाट, भेडाघाट ही नावे येथल्या मराठी घरांतही रोजच्या बोलण्यात असतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून येथे मराठी माणूस आहे. १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. १८७० मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग आणि कलकत्त्याकडून आलेला ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग येथे जोडला गेला, आणि रेल्वेबरोबर आणखी मराठी कुटुंबे आली. २००३ पर्यंत हा विभाग मध्य रेल्वेत होता. १ एप्रिल २००३ पासून जबलपूर हेच पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय झाले. तोफगाडी कारखाना, वाहन कारखाना, खमरियाचा दारूगोळा कारखाना, लष्कराची छावणी, उच्च न्यायालय, विद्युत मंडळाचे मुख्यालय अशी सरकारी कामावर उभी असलेली ही वसाहत आहे.

२०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतील लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली होती. सरकारी मापदंडाप्रमाणे मलवाहिन्या असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातले ८० टक्के सांडपाणी म्हणून परत येते, असे मानतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. साडेदहा लाखांना हा हिशेब लावला, तर रोजचे अकरा कोटी लिटरांहून अधिक मैलापाणी होते. लोकसंख्या तेव्हापासून वाढलीच आहे. ओमती नाला आणि मोती नाला ही नावे येथल्या लहान मुलालाही ठाऊक आहेत. मूळचे ते पावसाचे ओहोळ. आज त्यांचे काम काय आहे, ते पुलावरून जाताना नाकाला कळते.

योजनांची वाण पडली असे म्हणता येत नाही. २००३ मध्ये आशियाई विकास बँकेने भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर आणि जबलपूर या चार शहरांच्या पाणीपुरवठा व मलनिःसारणासाठी कर्ज मंजूर केले. त्या प्रकल्पाचे नाव 'उदय'. २००५ मध्ये जवाहरलाल नेहरू शहरी पुनरुत्थान अभियान आले, त्यात जबलपूर होते. २०१५ मध्ये अमृत योजना आली, त्यातही होते. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत नाव लागले. कठौंदा येथे शुद्धीकरण प्रकल्प उभा राहिला. मलवाहिन्यांसाठी रस्ते खोदले गेले, बुजवले गेले, पुन्हा खोदले गेले. ११ डिसेंबर २०१६ ते १५ मे २०१७ या काळात राज्य सरकारने 'नमामि देवी नर्मदे' सेवा यात्रा काढली आणि मे २०१७ मध्ये विधानसभेने नर्मदेला जिवंत व्यक्तीचा दर्जा देण्याचा ठराव केला.

ठरावाला आमचा विरोध नाही. नर्मदा येथल्या माणसाची आई आहे आणि आईविषयी ठराव करायला कोणाची हरकत असणार? पण आईच्या औषधपाण्याचा महिन्याचा खर्च कोण देणार, हे ठरावात लिहिलेले नव्हते.

पैसा कुठे जातो

कामगार बंधूंना यंत्राची माहिती असते, म्हणून थोडे तपशिलाने लिहितो. मैलापाणी प्रकल्पावर आले, की आधी जाळ्यांतून चिंध्या, प्लॅस्टिक, केस अडवले जातात. मग वाळू खाली बसवतात. त्यानंतर खरे काम जिवाणू करतात. मैला खाणारे हे जिवाणू जगायला प्राणवायू लागतो. तो देण्यासाठी मोठे ब्लोअर टाकीच्या तळातून रात्रंदिवस हवा सोडतात. पाणी निवळले की क्लोरीन देऊन सोडतात. उरलेला गाळ दाबून, वाळवून बाहेर न्यावा लागतो.

यात सर्वांत मोठा खर्च विजेचा, आणि विजेत सर्वांत मोठा वाटा ब्लोअरचा. त्याखालोखाल दुरुस्ती, रसायने, गाळाची वाहतूक आणि माणसांचे पगार. जुन्या पद्धतीच्या तळ्यांना, म्हणजे ज्यांत ऊन-वाऱ्याने पाणी शुद्ध होते त्यांना, वीज जवळजवळ लागत नाही. पण जमीन फार लागते आणि शहरात जमिनीला सोन्याचा भाव आहे. म्हणून कमी जागेत बसणारे, यंत्रावर चालणारे प्रकल्प निवडले जातात. बांधताना जमीन वाचते, चालवताना वीज लागते. बांधण्याचा पैसा एका खिशातून येतो आणि चालवण्याचा दुसऱ्या. त्यामुळे निवड करणाऱ्याला पुढच्या बिलाची काळजी करावी लागत नाही.

शिवाय पाणी किती स्वच्छ हवे, याचे मापदंड कडक होत गेले. नितीन देशपांडे यांच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३० एप्रिल २०१९ रोजी दिलेल्या आदेशाने ते आणखी कडक झाले. ते योग्यच आहे. पण अधिक स्वच्छ पाणी म्हणजे अधिक हवा आणि अधिक वीज. मापदंड वाढवणाऱ्याने बिलाचीही सोय करायला हवी.

घरटी महिना ४५ रुपये

आता एक हिशेब मांडतो. हा कोणत्याही एका प्रकल्पाचा ताळेबंद नव्हे. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. रोज पाच कोटी लिटर पाणी शुद्ध करणारा प्रकल्प घ्या. दर दशलक्ष लिटरला २०० युनिट वीज धरा. यंत्रावर चालणाऱ्या प्रकल्पाला साधारण अशीच लागते. रोजची १०,००० युनिट झाली. युनिटला ७ रुपये धरले तर दिवसाला ७०,००० रुपये, वर्षाला २ कोटी ५५ लाख. तीन पाळ्यांत मिळून ४० माणसे, दरमहा २०,००० रुपये प्रमाणे वर्षाला ९६ लाख. दुरुस्ती, क्लोरीन, गाळ वगैरे दीड कोटी. सारे मिळून ५ कोटींच्या आसपास.

माणशी १०८ लिटरप्रमाणे हा प्रकल्प सुमारे ४ लाख ६३ हजार लोकांचे मैलापाणी सांभाळतो. म्हणजे माणशी वर्षाला १०८ रुपये. महिन्याला ९ रुपये. पाच माणसांच्या घराला महिन्याला ४५ रुपये. वाहिन्यांची देखभाल व पंपिंग स्टेशनचा खर्च यात वेगळा धरावा लागेल, तरी अंदाज येतो. नदी जिवंत ठेवण्याची ही किंमत देशाला परवडणार नाही, असे कोण म्हणेल?

याच हिशेबात आणखी एक गोष्ट पाहा. त्या ४० कामगारांचा पगार २०,००० ऐवजी ३०,००० केला, तर वर्षाला ४८ लाख रुपये वाढतात. ४ लाख ६३ हजार लोकांत वाटले, तर माणशी वर्षाला साधारण १० रुपये. महिन्याला एक रुपयासुद्धा नाही. पण खर्च कमी करण्याचा विषय निघाला, की पहिली कात्री याच पगाराला लागते. का लागते, ते पुढे पाहू.

सर्वांत कमी दराची निविदा

प्रकल्प चालवण्याचे काम बहुतेक ठिकाणी कंत्राटावर दिले जाते. निविदा निघते, ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम मिळते. दर कमी करताना कंत्राटदार काय कमी करू शकतो? विजेचा दर तो ठरवत नाही. क्लोरीनचा भाव तो ठरवत नाही. गाळ जेवढा निघायचा तेवढा निघतो. त्याच्या हातात दोनच गोष्टी उरतात: माणसे आणि ब्लोअरचे बटण.

माणसे कमी केली की रात्रपाळीला एकटा माणूस उरतो. क्लोरीनच्या ९०० किलोच्या टाक्या जेथे असतात, जेथे विहिरीत उतरले तर हायड्रोजन सल्फाइडचा वायू क्षणात माणसाला पाडतो, तेथे एकटा माणूस म्हणजे काय, हे शंटिंग करणाऱ्या आपल्या बंधूंना समजावून सांगायला नको. पडलेल्याला बाहेर काढायला दुसरा माणूस नाही, किंवा दुसरा आहे तो मुखवट्याशिवाय त्याच्यामागे उतरतो आणि दोघे जातात. गटारातील मृत्यूंच्या बातम्यांत एकाच वेळी दोन-तीन नावे का येतात, त्याचे कारण हेच.

ब्लोअरचे बटण बंद ठेवले, की बिल कमी होते आणि जिवाणू मरतात. पाणी एका बाजूने येते, दुसऱ्या बाजूने तसेच जाते. तपासणीच्या दिवशी यंत्रे घुमतात, नमुना चांगला येतो आणि नोंदवहीत प्रकल्प पूर्ण क्षमतेने चाललेला असतो. सगळेच कंत्राटदार असे करतात, असा आमचा आरोप नाही. जो प्रामाणिकपणे चालवतो, तो पुढच्या निविदेत हरतो, ही व्यवस्थाच चुकीची आहे, असे आमचे म्हणणे आहे. त्यात नगरपालिकेने बिले महिनोन्‌महिने थकवली, की कंत्राटदार कामगारांचा पगार थकवतो. भांडण दोन ठिकाणचे आणि उपाशी राहतो तिसरा.

डाक कामगारांना हे नवे नाही. ग्रामीण डाक सेवक तीच पत्रे वाटतो, तेच पैसे मोजतो, पण त्याला खात्याचा कर्मचारी मानत नाहीत. म्हणून तर मे-जून २०१८ मध्ये त्यांना संपावर जावे लागले. रेल्वेत सफाईवाल्यांची पदे गेली, डब्यांची व स्थानकांची स्वच्छता कंत्राटावर गेली. डब्यांना जैविक शौचालये बसली, रुळांवरची घाण थांबली. हे फार चांगले झाले आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण त्या टाक्यांची निगा राखणारा माणूस कोणत्या पगारावर काम करतो, हे आपण कितीदा विचारले?

कायदा काय म्हणतो

२०१३ चा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा आहे. गटारात मरण पावलेल्याच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१४ रोजी सांगितले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी ती रक्कम ३० लाख केली. मरणानंतर ३० लाख, पण जिवंतपणी मुखवटा आणि दुसरा माणूस देण्याची निविदेत तरतूद नाही, असा हा प्रकार आहे.

कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा आता नव्या कामगार संहितांत विलीन झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत मुख्य कामासाठी कंत्राटी कामगार लावण्यास मनाई आहे, पण सफाई आणि कचरा हे मुख्य काम मानायचे नाही, असे लिहून ठेवले आहे. त्यालाही एक अट आहे: संस्था त्याच कामासाठी स्थापन झालेली नसेल तर. आमचा प्रश्न सरळ आहे. पाणी, मैला आणि कचरा यांची व्यवस्था हे महापालिकेचे मुख्य काम नव्हे, तर मग महापालिका कशासाठी स्थापन झाली? या मुद्द्यावर संघटनांनी लढले पाहिजे. दुसरी गोष्ट, पूर्वी २० कंत्राटी कामगारांना कायदा लागू होत असे. आता ही मर्यादा ५० वर गेली आहे. वरच्या हिशेबातल्या प्रकल्पावर माणसे ४० होती. असा एकच प्रकल्प घेणारा छोटा कंत्राटदार या तरतुदीतून अलगद बाहेर पडू शकतो.

लढून मिळते, हे मुंबईच्या कचरा वाहतूक श्रमिक संघाने दाखवून दिले. महापालिकेच्या २,७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निवाडा सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये उचलून धरला. खूप वर्षे गेली, पण कागदावरचे 'स्वयंसेवक' शेवटी कामगार ठरले.

मग पैसा द्यायचा कोणी?

२२ फेब्रुवारी २०१७ रोजी पर्यावरण सुरक्षा समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न नेमका पकडला. प्रकल्प बांधण्यासाठी तीन वर्षांची मुदत दिलीच; शिवाय ते चालवण्यासाठी पैसा कसा उभा करायचा, याचे नियम ३१ मार्च २०१७ पर्यंत ठरवा, असे सांगितले. नियम ठरले नाहीत, तर खर्च राज्य सरकारने सोसावा, असेही बजावले. म्हणजे 'पैसा नाही म्हणून प्रकल्प बंद' हे उत्तर कायद्याने संपले आहे. तरी ते रोज ऐकायला मिळते.

केंद्राचे धोरण मात्र दोन तोंडांचे आहे. नमामि गंगेच्या नव्या करारांत बांधकामाचे ४० टक्के पैसे बांधताना आणि उरलेले ६० टक्के पुढच्या पंधरा वर्षांत, प्रकल्प नीट चालला तरच, दिले जातात. चालवण्याचा खर्चही त्यात धरलेला असतो. खासगी कंपन्यांकडे काम जाते, याला आमचा आक्षेप आहे. पण चालवण्याच्या खर्चाची पंधरा वर्षांची सोय आधी करायची, हे तत्त्व बरोबर आहे. उलट अमृत योजनेच्या २०१५ च्या सूचनांत प्रकल्पाबरोबर किमान पाच वर्षांच्या देखभालीची योजना करा असे सांगितले, मात्र केंद्राच्या मदतीचा हिशेब करताना तो खर्च वगळला आणि राज्य व नगरपालिकेकडे सोपवला. गंगेला एक न्याय, नर्मदेला दुसरा. गंगाही नदी, नर्मदाही नदी; जबलपूरच्या महापालिकेची तिजोरी वाराणसीपेक्षा भरलेली आहे, असे कोणी सिद्ध केलेले नाही.

कर्ज देणाऱ्या बँकांचा सल्ला नेहमीचा: वापरणाऱ्याकडून वसूल करा. नव्वदच्या दशकापासून 'खाउजा'चा हा मंत्र आपण ऐकतो आहोत. आम्ही शुल्काच्या सरसकट विरोधात नाही. वरच्या हिशेबातले ४५ रुपये देण्याची आमच्या सभासदाची तयारी आहे. पण झोपडीला आणि बंगल्याला एकच दर, हे आम्हाला मान्य नाही. ज्याचे पाणी जास्त, त्याचे मैलापाणी जास्त. हॉटेल, मॉल, खासगी इस्पितळ यांनी त्याप्रमाणे द्यावे. ज्यांच्या घरापर्यंत मलवाहिनी पोचलेलीच नाही, त्यांच्याकडून तिचा कर घेऊ नये.

आपल्या मालकाचा वाटा

आता ती अडचणीची गोष्ट. राज्यघटनेच्या कलम २८५ प्रमाणे केंद्र सरकारच्या मालमत्तेवर नगरपालिकेला मालमत्ता कर लावता येत नाही. मुंबई-पुण्यात हा तोटा झाकला जातो. जबलपूरसारख्या गावात, जेथे रेल्वे, लष्कर, डाक खाते आणि केंद्राची इतर कार्यालये यांनी शहराचा एवढा मोठा भाग व्यापला आहे, तेथे तो झाकला जात नाही. शहराच्या व्यवस्थेवर भार सगळ्यांचा; कर भरतो तो गोलबाजारातला दुकानदार आणि भाड्याच्या घरातला मजूर.

याला मार्ग निघाला आहे. राजकोट महापालिकेच्या खटल्यात १९ नोव्हेंबर २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयासमोर ठरले, की केंद्राने कर नाही तरी सेवाशुल्क द्यावे. नगरपालिकेच्या सगळ्या सेवा घेतल्या तर मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही घेतल्या तर ५० टक्के, काहीच घेतल्या नाहीत तरी एक तृतीयांश. हे सेवाशुल्क वेळेवर आणि पूर्ण दिले जाते का, हे प्रत्येक शाखेने आपापल्या विभागात विचारावे. रेल्वे वसाहतीतले, इस्पितळातले, वॉशिंग लाइनवरचे पाणी याच शहराच्या उतारावरून वाहते. बिल चुकवून नदी स्वच्छ राहत नाही. प्रशासनाकडे पगारवाढ मागताना जो ताठा आपण दाखवतो, तोच शहराचे देणे द्या म्हणताना दाखवला, तर शहरातला सामान्य माणूसही आपल्या लढ्यात आपल्या बाजूने उभा राहील.

नागपूरने काय केले

खर्चाचा थोडा भार हलका करण्याचा एक उपाय आपल्या शेजारी, नागपुरात आहे. भांडेवाडी येथे शुद्ध झालेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. वीज केंद्राला पाणी मिळते, धरणाचे तेवढे पाणी पिण्यासाठी वाचते आणि महापालिकेला सांडपाण्याचे पैसे होतात. केंद्राच्या जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणानेही शुद्धीकरण प्रकल्पापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांना असे पाणी वापरणे बंधनकारक केले. तेथेही चालवण्याचे काम खासगी कंपनीकडे आहे आणि त्यावर आमचा आक्षेप कायम आहे. पण पाणी विकता येते, हे सिद्ध झाले.

जबलपुरात गिऱ्हाईक कमी नाही. डबे आणि फलाट धुण्यासाठी रेल्वेला पाणी लागते. १ ऑक्टोबर २०२१ पासून कंपन्या झालेल्या आयुध कारखान्यांना लागते. बागांना आणि बांधकामांना लागते. नर्मदेचे पिण्याजोगे पाणी उचलून त्याने डबे धुवायचे आणि मैलापाणी नर्मदेत सोडायचे, ही उलटी गंगा थांबवता येईल. पाणी घेणाऱ्याला ते रोज ठरलेल्या दर्जाचे लागते, म्हणून ब्लोअर बंद ठेवण्याची सोयही आपोआप संपते. गाळापासून वायू तयार करून त्यावर प्रकल्पाची काही वीज भागवता येते, हेही मोठ्या प्रकल्पांना साधलेले आहे. पाणी आणि वायू यांतून सगळा खर्च निघेल, असा आमचा दावा नाही. काही वाटा निघेल, बाकीचा सार्वजनिक पैशातूनच आला पाहिजे. रस्त्यावरच्या दिव्याने नफा मिळवावा अशी अपेक्षा कोणी करीत नाही.

आमच्या मागण्या

१. शुद्धीकरण प्रकल्प चालवण्याच्या खर्चासाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्ष असावे, त्यातला पैसा दुसरीकडे वळवू नये आणि कमी पडेल तो राज्य सरकारने २०१७ च्या निकालाप्रमाणे द्यावा.

२. गंगेप्रमाणे नर्मदेकाठच्या शहरांनाही पंधरा वर्षांच्या देखभालीचा खर्च केंद्राने द्यावा.

३. प्रकल्पावरचे ऑपरेटर, फिटर, इलेक्ट्रिशियन, प्रयोगशाळेतील व गाळावरचे कामगार यांची पदे कायम असावीत. तोवर कंत्राटात किती माणसे, कोणत्या पगारावर, हे आधी ठरवून टाकावे; त्यावर निविदेची स्पर्धा नको.

४. कोणत्याही पाळीत एकटा माणूस नको. वायू मोजण्याचे यंत्र, श्वसनयंत्र आणि क्लोरीन गळतीची तालीम सक्तीची असावी.

५. रोजचे मीटरचे आकडे, आलेले पाणी, गेलेले पाणी आणि तपासणीचे निकाल प्रकल्पाच्या फाटकावर फलकावर लावावेत. किती युनिट जळले हे कळले, की ब्लोअर किती तास चालला हे कोणाही कामगाराला काढता येते.

६. रेल्वे, डाक आणि केंद्राच्या इतर खात्यांनी सेवाशुल्क नियमित भरावे, आणि रेल्वेने शुद्ध केलेले पाणी विकत घेण्याचा करार महापालिकेशी करावा.

यातली पाचवी मागणी पदरात पाडून घेणे सर्वांत सोपे आहे. त्याला पैसा लागत नाही, फक्त फलक आणि खडू लागतो. म्हणूनच तिला सर्वांत जास्त विरोध होईल, असा आमचा अंदाज आहे.

शाखांना आमची विनंती आहे, की पुढच्या मासिक सभेत हा विषय घ्यावा. सहावी मागणी तर आपल्याच प्रशासनाकडे करायची आहे. ती संयुक्त सल्लागार बैठकीच्या विषयपत्रिकेवर यायला कोणाची परवानगी लागत नाही. महापालिकेच्या कंत्राटी कामगारांची संघटना जेथे असेल तेथे तिच्याशी बोलावे, जेथे नसेल तेथे ती उभी करायला हात द्यावा. आपल्या जुन्या कार्यकर्त्यांनी गँगमन आणि पोर्टर यांना संघटित केले, तेव्हा त्यांनाही लोक म्हणत होते, की हे तुमच्या खात्याचे काम नाही.